प्रश्न विचारणाऱ्याचे नाव कशाला हवे?

नमाजच्या वेळा सांगणारे एखादे अ‍ॅप आपल्यापैकी बहुतेकांच्या मोबाइलमध्ये असते. फज्रची वेळ, रमजानमध्ये सहर-इफ्तारचे वेळापत्रक, प्रवासात किब्ल्याची दिशा, एवढ्यासाठी आपण ते घेतो आणि विसरून जातो. नोव्हेंबर २०२० मध्ये ‘व्हाइस’च्या ‘मदरबोर्ड’ या तंत्रज्ञानविषयक विभागाने ‘मुस्लिम प्रो’ या अशाच एका अ‍ॅपविषयी बातमी दिली. जगभरात नऊ कोटी ऐंशी लाखांहून अधिक वेळा डाउनलोड झालेल्या या अ‍ॅपमधून वापरणाऱ्यांचे लोकेशन ‘एक्स-मोड’ या कंपनीकडे जात होते. एक्स-मोड लोकेशनची माहिती कंत्राटदारांना विकत होती आणि त्यांच्यामार्फत ती अमेरिकी लष्करापर्यंत पोहोचत होती. आपण लष्कराला माहिती विकतो हा आरोप मुस्लिम प्रोने फेटाळला, पण एक्स-मोडशी असलेले संबंध तोडत असल्याचेही जाहीर केले. दोन महिन्यांनी ‘सलात फर्स्ट’ या दुसऱ्या अ‍ॅपचे लोकेशन ‘प्रेडिसिओ’ या फ्रेंच कंपनीकडे जात असल्याची बातमी आली. अखेर जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एक्स-मोड आणि तिची उत्तराधिकारी कंपनी आउटलॉजिक यांना प्रार्थनास्थळे, दवाखाने यांसारख्या संवेदनशील ठिकाणांची लोकेशन माहिती विकण्यास मनाई केली.

मी सॉफ्टवेअर अभियंता आहे, त्यामुळे हे कसे घडते ते थोडे सांगू शकतो. अ‍ॅप बनवणारी कंपनी सगळा कोड स्वतः लिहीत नाही. जाहिराती, नकाशे, वापराचे हिशेब यासाठी दुसऱ्या कंपन्यांचे तयार कोड-संच अ‍ॅपमध्ये जोडले जातात. त्यांना एसडीके म्हणतात. आपण लोकेशनची परवानगी देतो ती नमाजच्या वेळेसाठी, पण त्याच परवानगीवर अ‍ॅपच्या पोटातला हा पाहुणाही जेवतो. त्याचे नाव पडद्यावर कुठेच दिसत नाही.

आता साधा हिशेब करू. नमाजची वेळ सूर्याच्या स्थितीवरून ठरते. देशांतराच्या एका अंशाला चार मिनिटांचा फरक पडतो. मुंबई आणि पुणे यांच्यात साधारण एका अंशाचे अंतर आहे, म्हणजे मगरिबच्या वेळेत फरक पडला तर तो चारेक मिनिटांचा. एकाच शहरातल्या दोन मोहल्ल्यांत तो मिनिटभरही नसतो. मग वेळ सांगायला अ‍ॅपला शहराचे नाव पुरेसे आहे. आपण कोणत्या गल्लीत राहतो, कोणत्या मशिदीत जातो, तिथे किती वेळ थांबतो, नंतर कोणाच्या घरी जातो, हे कळण्याची त्याला काहीही गरज नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पंधरा लाख लोकांच्या मोबाइल नोंदी तपासल्या गेल्या. कोणत्या वेळी कुठे होता, अशा अवघ्या चार नोंदी मिळाल्या की त्यातला ९५ टक्के लोकांचा माग इतरांपासून वेगळा काढता येतो, असे आढळले. ‘आम्ही नाव साठवत नाही’ या आश्वासनाचा अर्थ किती, हे त्यावरून समजावे.

लोकेशनसारखाच दुसरा माग आपण ब्राउझरमध्ये रोज सोडतो, आणि तो जास्त नाजूक आहे. लोकेशन आपण कुठे होतो ते सांगते. ब्राउझर आपण काय विचारत होतो ते सांगतो.

कोणी ‘खुला कसा घ्यावा’ हे शोधते. कोणी निकाहनाम्यात अटी घालता येतात का, हे पाहते. कोणाला नैराश्याची औषधे नियमित घ्यावी लागतील का, याची चिंता असते. कोणी विशेष विवाह कायद्याची कलमे वाचते, कोणी कुटुंबनियोजनाविषयी माहिती काढते, कोणी हमीद दलवाई वाचते, कोणाच्या मनात दीनविषयी शंका असते आणि ती मौलानांना विचारायची हिंमत नसते. यातला एकही प्रश्न गुन्हा नाही. पण यातला जवळजवळ प्रत्येक प्रश्न असा आहे, की विचारणाऱ्याचे नाव सोबत जाणार असेल तर तो विचारलाच जाणार नाही. खासगीपणाची माझी व्याख्या एवढीच आहे: नाव न सांगता प्रश्न विचारण्याची जागा. ज्या समाजात अशी जागा नसते तिथे लोक चुकीचे प्रश्न विचारायचे थांबत नाहीत, प्रश्न विचारायचेच थांबतात.

‘लपवण्यासारखे काही नसेल तर भीती कशाची?’ हा सवाल नेहमी येतो. पालघरच्या दोन तरुणींकडेही लपवण्यासारखे काही नव्हते. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्यावर एकीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या आणि दुसरीने त्या ‘लाइक’ केल्या. दोघींना अटक झाली, एकीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड झाली. ज्या कलमाच्या जोरावर अशा अटका होत होत्या ते माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. कायदा त्यांच्या बाजूने उभा राहिला, पण सव्वादोन वर्षांहून अधिक काळाने. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात मोबाइलवरच्या स्टेटसवरून शहर पेटले, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये साताऱ्याजवळच्या पुसेसावळीत समाजमाध्यमांवरील मजकुरावरून दंगल झाली आणि एका तरुणाचा जीव गेला. अशा वातावरणात आपल्या नावाच्या खात्याचा ताबा दुसऱ्याच्या हाती गेला, तर नुकसान पैशांपुरते राहत नाही.

म्हणून पहिला प्रश्न ‘कोणते अ‍ॅप सुरक्षित?’ हा नव्हे. पहिला प्रश्न ‘कोणापासून?’ हा आहे. आपल्या ब्राउझिंगकडे पाहणारे निदान चार जण असतात: मोबाइल हातात घेणारा घरचा माणूस, इंटरनेट पुरवणारी कंपनी, आपण उघडलेले संकेतस्थळ आणि त्या संकेतस्थळावर बसलेली जाहिरात कंपनी. प्रत्येकाला वेगळे दिसते, म्हणून प्रत्येकासाठी पडदाही वेगळा लागतो.

इन्कॉग्निटो किंवा प्रायव्हेट विंडो फक्त पहिल्यासाठी आहे. खिडकी बंद केली की त्या मोबाइलवर हिस्ट्री आणि कुकीज राहत नाहीत, इतकेच. बाकी तिघांना जे दिसायचे ते दिसते. याच मुद्द्यावरून गूगलवर २०२० मध्ये अमेरिकेत दावा दाखल झाला आणि २०२४ मधल्या तडजोडीत कंपनीने अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले. तेव्हा इन्कॉग्निटोला त्याचे काम करू द्यावे, जास्त भरवसा ठेवू नये.

इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला, पत्ता ‘एचटीटीपीएस’ने सुरू होत असेल तर, पानावरचा मजकूर दिसत नाही. आपण कोणत्या संकेतस्थळावर गेलो हे मात्र तिला सहसा कळते. व्हीपीएन वापरले की हे कळणे थांबते, पण ते कळण्याचा मान आता व्हीपीएन कंपनीला मिळतो. पाहणारा बदलतो, पाहणे थांबत नाही. त्यात २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षे जपून ठेवावी असा आदेश काढला, तेव्हा काही मोठ्या कंपन्यांनी भारतातले सर्व्हर हलवले. फुकटचे व्हीपीएन तर घेऊच नये. सर्व्हर चालवायला पैसे लागतात आणि ते ग्राहकाकडून येत नसतील, तर ग्राहकाच्या माहितीतून येण्याची शक्यता मोठी.

जाहिरात कंपनीचे हत्यार कुकीपुरते नाही. पडद्याचा आकार, फॉन्ट, मोबाइलचे मॉडेल, वेळक्षेत्र, पसंतीच्या भाषा असे तपशील ब्राउझरमधून काढता येतात आणि ते एकत्र केले की बोटांच्या ठशासारखी खूण तयार होते. २०१० मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशनने केलेल्या प्रयोगात ८३.६ टक्के ब्राउझर एकमेव ठरले होते. मराठी, उर्दू आणि इंग्रजी अशा तीन भाषा लावलेला आपला ब्राउझर गर्दीत आणखी उठून दिसतो. यावर फायरफॉक्स किंवा ब्रेव्हसारखा माग रोखणारा ब्राउझर, त्यात तृतीय-पक्ष कुकीज बंद, आणि अँड्रॉइडच्या सेटिंगमधून जाहिरात-ओळख क्रमांक पुसून टाकणे, एवढे केले तरी बराच फरक पडतो.

चौघांपासूनही आडोसा हवा असेल तर टॉर ब्राउझर आहे. त्याचे मूळ अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत आहे आणि २००६ पासून एक ना-नफा संस्था ते सांभाळते. टॉरमध्ये आपली विनंती तीन वेगवेगळ्या संगणकांतून फिरून जाते. पहिल्याला आपण कोण हे माहीत असते पण कुठे चाललो ते नाही, शेवटच्याला कुठे चाललो ते माहीत असते पण आपण कोण ते नाही. सगळे टॉर ब्राउझर शक्य तितके एकसारखे दिसावेत अशी त्याची रचना आहे, म्हणून ठशाचाही फारसा उपयोग होत नाही. मात्र तो हळू चालतो, त्यात आपल्या गूगल किंवा फेसबुक खात्याने लॉगिन केले की आपणच आपले नाव सांगून टाकतो, आणि मोबाइलमध्ये हेरगिरीचे अ‍ॅप असेल तर टॉरही काही करू शकत नाही. टॉर किंवा व्हीपीएन वापरण्यावर देशभर बंदी नाही, पण जम्मू-काश्मीरमधील काही जिल्ह्यांत प्रशासनाने व्हीपीएनबंदीचे आदेश वेळोवेळी काढले आहेत. तिकडे शिकायला किंवा नोकरीला असलेल्यांनी स्थानिक आदेश पाहूनच वापर करावा.

निनावीपणाची दुसरी बाजूही टाळता येणार नाही. जुलै २०२१ मध्ये ‘सुल्ली डील्स’ आणि १ जानेवारी २०२२ रोजी ‘बुल्ली बाई’ या नावांनी मुस्लिम स्त्रियांचा ‘लिलाव’ मांडला गेला. पत्रकार, वकील, कार्यकर्त्या यांची समाजमाध्यमांवरची छायाचित्रे उचलून हे केले गेले, आणि करणारे खोट्या नावांआड होते. बुल्ली बाई प्रकरणात तर शीख समाजाची वाटावीत अशी नावे खात्यांना दिली होती. मग निनावीपणाची वकिली आपण कोणत्या तोंडाने करायची? माझे उत्तर असे आहे. प्रश्न विचारणारी मुलगी नाव झाकते ते स्वतःच्या बचावासाठी, तिच्या न दिसण्याने कोणाचे काही बिघडत नाही. हल्ला करणारा नाव झाकतो ते दुसऱ्याला उघडे पाडण्यासाठी. तो गुन्हा आहे आणि तो शोधून काढता येतो. बुल्ली बाई प्रकरणात मुंबई पोलिसांनी काही दिवसांतच संशयितांना अटक केली. त्यासाठी कोट्यवधी लोकांवर सरसकट पाळत ठेवावी लागली नाही, तक्रारीवरून विशिष्ट खात्यांचा तपास करावा लागला. सुल्ली डील्सच्या वेळीच तेवढी तत्परता दिसली असती तर बुल्ली बाई कदाचित घडलेच नसते. उणीव होती ती पाळतीची नव्हे, तपास करण्याच्या इच्छेची.

सरकारकडे मागायचे ते ठामपणे मागितले पाहिजे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. पुढच्याच वर्षी, २० डिसेंबर २०१८ रोजी, केंद्राने दहा यंत्रणांना कोणत्याही संगणकातील माहिती पाहण्याचे अधिकार देणारा आदेश काढला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने कंपन्यांवर बंधने घातली, पण सरकारी यंत्रणांना त्यातून वगळण्याची मुभा केंद्राने स्वतःकडे ठेवली. सुरक्षा आणि सार्वजनिक सुव्यवस्था या शब्दांचा भार देशात कोणाच्या वाट्याला अधिक येतो हे आपल्याला सांगायला नको. पाळतीवर न्यायालयाची नजर हवी, ही मागणी आपल्या चळवळीच्या मागण्यांमध्ये असलीच पाहिजे.

पण सरकारकडे बोट दाखवताना उरलेल्या बोटांकडेही पाहायला हवे. आपल्या तरुणांच्या, त्यातही मुलींच्या बाबतीत, सर्वांत बारकाईने पाहणारा दिल्लीत किंवा अमेरिकेत बसलेला नाही. तो घरात आहे. भाईजान बहिणीचा मोबाइल रोज रात्री तपासतात, अब्बूंना प्रत्येक पासवर्ड माहीत असावा लागतो, शौहर बायकोच्या चॅटची एक प्रत आपल्या संगणकावर उघडून ठेवतो. मोहल्ल्याच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात कोणती मुलगी कुठे दिसली याची चर्चा होते. याला आपण ‘काळजी’ म्हणतो. दहा वर्षांच्या मुलाच्या हातातल्या मोबाइलवर लक्ष ठेवणे ही काळजी खरीच. एकवीस वर्षांच्या मुलीची सर्च हिस्ट्री वाचणे ही पाळत आहे, आणि एक्स-मोडची पाळत हराम वाटते तर हीही वाटायला हवी.

आपल्या परंपरेत याबाबत संदिग्धता नाही. सूरह हुजुरातच्या बाराव्या आयतमध्ये दुसऱ्याच्या खासगी गोष्टी हुंगण्याला स्पष्ट मनाई आहे, आणि ती संशय व गीबत यांच्या सोबतीने आलेली आहे. सूरह नूर दुसऱ्याच्या घरात इजाजतीशिवाय शिरू नका असे सांगते. हदीसमध्ये तीनदा इजाजत मागून मिळाली नाही तर परत फिरण्याची शिकवण आहे. ‘सर्व स्वीकारा’ हे बटण ठळक आणि ‘नकार’ बारीक अक्षरात ठेवणाऱ्या कंपनीला ही कसोटी लावा. घरात बहिणीच्या खोलीचे दार ठोठावणाऱ्या, पण तिचा मोबाइल न विचारता उघडणाऱ्या भावालाही लावा. दार आता मोबाइललाही आहे.

आणि आपल्या जमाती, संस्था, मदत गट? रेशन किट वाटताना शेकडो कुटुंबांच्या आधार कार्डांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप गटात गोळा होतात आणि तिथेच वर्षानुवर्षे पडून राहतात. शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी दिलेले बँक पासबुकचे पान कोणाकोणाच्या मोबाइलमध्ये आहे, याचा हिशेब कोणाकडे नसतो. रिश्त्यांच्या गटांत मुलीचा फोटो, शिक्षण, पत्ता, वडिलांचा नंबर असा पूर्ण बायोडाटा शेकडो अनोळखी लोकांपुढे ठेवला जातो. बुल्ली बाईनंतर तरी हे थांबायला हवे होते. किट घेणाऱ्या विधवेचा फोटो संस्थेच्या पानावर टाकताना तिला विचारले का, हाही त्यातलाच प्रश्न.

म्हणून या अंकाच्या वाचकांकडे माझी विनंती दोन भागांत आहे. स्वतःसाठी: आज नमाजच्या अ‍ॅपची लोकेशन परवानगी काढा आणि शहर हाताने निवडा. व्हॉट्सअ‍ॅप, ईमेल आणि इन्स्टाग्रामवर दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा. व्हॉट्सअ‍ॅपमधील ‘जोडलेली उपकरणे’ उघडून अनोळखी संगणक दिसतो का पाहा. आधार द्यावेच लागले तर यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून शेवटचे चार अंक दाखवणारी मास्क्ड प्रत द्या. नाजूक प्रश्नासाठी वेगळा ब्राउझर ठेवा आणि त्यात कोणत्याही खात्याने लॉगिन करू नका.

इतरांसाठी: घरात एकच मोबाइल असेल तर बहिणीसाठी, अम्मीसाठी त्यात वेगळे खाते उघडून द्या. बऱ्याच अँड्रॉइड मोबाइलमध्ये ही सोय असते. त्याचा पिन तुम्हाला माहीत नसू द्या. आणि तुम्ही ज्या संस्थेत काम करता तिच्या पुढच्या बैठकीत तीन गोष्टी मांडा: कोणती कागदपत्रे घ्यायची गरजच नाही, घेतलेली कोण पाहणार, आणि काम झाल्यावर ती कधी व कोण पुसणार. या तीन ओळी ठरावात लिहा, अध्यक्षांची सही घ्या आणि त्याच दिवशी गटातले जुने फोटो काढून टाका.